पाणी वनं

साक्रीच्या अलीकडे पांझरेवरचा पूल संपला
की आई गाडीची काच खाली करते.
बोलत नाही. कुणाच्या तरी गुऱ्हाळाचा वास घेते,
मग म्हणते, "पुढली डावी."
मॅप म्हणतोय उजवी.
मी डावीकडे वळते.

दगाजीमामा फडाच्या तोंडाशीच उभा.
"वनी का अन्सा?" एवढंच.
मग कुणाकुणाचं काय झालं ते,
हिरामणचा गुडघा, भिकनची किडनी,
यशोदेनं घर विकलं, कुणाला, कितीला,
सगळं बांधावर उभ्याउभ्या आटोपतात,
हातपाय धुऊन जेवायला बसावं तसं.

"हाई आपलं वावर," आई मला दाखवते.
आपलं म्हणते.
चौऱ्याण्णव साली तहसिलात
हक्कसोडीवर सही केलीय तिनं.
बदल्यात एक हिरवं लुगडं
आणि भरताची वांगी, पिशवीभर.
लुगड्याची पुढं गोधडी झाली.

मग ती गोष्ट. मला पाठ आहे.
रातपाळीचं पाणी. पाटकरी पाळी सांगून जायचा,
पण वरच्या वावरांतून इथवर यायला
पाणी किती वेळ घेईल याचा नेम नसायचा.
आजोबा दमलेले, कंदिलात रॉकेल मोजकं.
तेव्हा नऊ वर्षांच्या अन्सेला
गोणपाटावर निजवायचे,
पाय कोरड्या चारीत सोडून.
तळव्यांना गार लागलं की ती ओरडायची,
"बाबा, पाणी वनं!"
आजोबा फावडं घेऊन उठायचे
आणि ती तिथंच, पाण्यात उभी राहून,
उरलेली झोप पुरी करायची.

आज गोष्ट तळव्यांपर्यंत आली
आणि मामा म्हणाला,
"ते मी व्हतू ना, अन्सा."

"तू? तू ते झोळीमा व्हता."
"झोळीमा? तू घर ऱ्हाय, माय जोडे."
"मी आठे जपू. याच जागे."

पुरावे निघाले.
बैलांची नावं. गोणपाटावरचा शिक्का.
मामानं टाच दाखवली, खेकड्यानं ओढलेली.
आईनंही पाय पुढं केला, पण तो व्रण विळ्याचा,
मला माहीत होतं, मी गप्प बसले.
भटूच्या बायकोनं आणलेला चहा गार झाला.
ठिबकच्या नळ्या गुंडाळत भटू म्हणाला,
"आते मोबाइलवर मोटर चालू व्हस, आत्या.
कोनाच पाय नको."
कुणी हसलं नाही.

सातबारा तिनं एका सहीत सोडला होता.
हे सोडेना.

चारी आता बुजलीय, गाजरगवतानं.
आईनं चपला काढल्या, काठावर बसली.
थोड्या वेळानं मामाही, गुडघ्यावर हात दाबत.
चार तळवे, भेगाळलेले, कोरड्या मातीवर.
"इतली खोल व्हती," तो म्हणाला.
"त्यान्हाथीन खोल," ती म्हणाली.

मला अहिराणी येत नाही.
म्हणजे कळते, बोलता येत नाही.
धुळ्याला पहिलीत असताना
मी बाईंना काही विचारलं आणि वर्ग हसला.
त्या संध्याकाळपासून आई आमच्याशी
पुस्तकातलं मराठी बोलू लागली,
अडखळत, स्वतःला दुरुस्त करत.
मी कधी विचारलं नाही
त्या दिवसांत ती एकटीशी कोणत्या भाषेत बोलायची.

परतताना सटाण्याच्या पुढं अंधार.
मागच्या सीटवर हरभऱ्याचे डहाळे, मामानं दिलेले,
वळणावर सळसळतात.
आई पाय पोटाशी घेऊन झोपलेली,
एक पाय सुटून खाली आलेला.
एसीची गार झुळूक तळव्याला लागली असावी.
डोळे न उघडता म्हणाली,
"वनं का?"

मी झडप फिरवली.
"नही माय," मी म्हटलं,
माझाच आवाज मला नवा,
"आजून नही. तू जप."